आकसत गेलेलें अक्षर

दुखणें एकदां निश्चित झालें म्हणजे त्याच्या भोंवतीं माणसें आपोआप जमतात. कोणी औषध आणतो, कोणी पथ्य सांगतो, कोणी उशाशीं बसून धीर देतो. परंतु दुखणें आहे कीं नाहीं हेंच जेथें अद्याप ठरावयाचें असतें, तेथें माणसाला फार एकटें राहावें लागतें. तो आजारी ठरलेला नसतो, म्हणून त्याची कोणी विचारपूस करीत नाहीं. आणि आपण पूर्वींसारखे नाहीं हें त्याचें त्याला कळत असतें, म्हणून त्याला सुखानें झोंप येत नाहीं. अशा मधल्या काळांत एका परिचिताच्या सोबतीला राहण्याचा योग आम्हांस नुकताच आला. त्यांत आमच्या हातून जें चुकलें व जें थोडेंबहुत साधलें, तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें. कारण असा प्रसंग कोणत्याहि घरीं, कोणत्याहि दिवशीं येण्यासारखा आहे.

'परिचित' हा शब्द आम्हीं जाणूनबुजून योजिला आहे. नाना आमचे आप्त नव्हेत, बालमित्रहि नव्हेत. आमच्या पेठेंत दर गुरुवारीं सायंकाळीं दहाबारा निवृत्त मंडळी एकत्र जमतात, कांहीं वाचतात, त्यावर बोलतात आणि चहा घेऊन आपापल्या घरीं जातात. त्या वाचनमंडळांत नानांची व आमची ओळख झाली, त्यास आज चौदा वर्षें झालीं. त्यांच्या घरीं आम्ही गणपतीच्या दर्शनास जावें, त्यांनीं आमच्याकडे कोजागिरीस यावें, एवढाच घरोबा. 'अहो-जाहो'च्या पलीकडे ही ओळख कधीं गेली नाहीं. नाना गणिताचे शिक्षक होते. दौत-टांकाच्या काळांत वळण गिरविलेलें त्यांचें अक्षर मोत्यासारखें; म्हणून मंडळाच्या इतिवृत्ताची वही पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे आली. वयाच्या मानानें अध्यक्षपद आमच्याकडे चालत आलेलें असल्यामुळें प्रत्येक सभेनंतर ती वही सहीसाठीं आमच्या घरीं येत असे.

२०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. सही करण्यास आम्हीं वही उघडली, आणि चष्मा काढून, पुसून पुन्हां डोळ्यांवर चढविला. ओळीच्या आरंभीं अक्षर नेहमींचें होतें. मध्यावर येतां येतां तें बारीक होत गेलें होतें. आणि शेवटीं तर मुंग्यांची रांग लागावी तसे शब्द एकमेकांस चिकटले होते. मनांत पाल चुकचुकली. पण आम्हीं सही केली व वही मिटली. नानांचा चष्मा बदलावयास झाला असेल, थंडीनें बोटें आंखडलीं असतील, अशी स्वतःची समजूत घातली. पुढें लक्ष जाऊं लागलें तें जात राहिलें. चालतांना त्यांचा डावा हात हाले, उजवा अंगाशीं तसाच राही. चहाचा पेला उचलतांना हात स्थिर असे. पण तोच हात मांडीवर विसावला कीं आंगठा व तर्जनी जपमाळ ओढल्याप्रमाणें एकमेकांवरून फिरूं लागत. एके गुरुवारीं कोणी विनोदानें म्हणालेंहि, "काय नाना, जप चालला आहे वाटतें?" सर्व हंसले. नानाहि हंसले, आणि त्यांनीं हात सदऱ्याच्या खिशांत घातला. त्या हंसणारांत आम्हीहि होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन नांवाच्या डॉक्टरानें १८१७ सालीं कंपवातावर एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्यांत वर्णिलेले रोगी अवघे सहा. आणि त्यांतील कांहीं त्याच्या दवाखान्यांत आलेले नव्हते, रस्त्यानें जातां-येतां त्यानें पाहिलेले होते. पुढें फ्रान्समधील शार्को या विख्यात वैद्यकपंडितानें या रोगास पार्किन्सनचें नांव दिलें. हें आम्हीं वाचलें तेव्हां मनांत आलें कीं, रोगाची पहिली ओळख पुष्कळदां नुसत्या नजरेनें होते, आणि ती नजर डॉक्टरचीच असली पाहिजे असें नाहीं. अहोरात्र जवळ असणाऱ्या घरच्यांना हळूहळू होणारा बदल दिसत नाहीं. आठवड्यानें भेटणाऱ्यास तो दिसतो. मग त्यानें तो सांगावा कीं नाहीं? आपुलकीच्या माणसानें सांगितलें तर काळजी ठरते, परक्यानें सांगितलें तर आगाऊपणा. परिचित या दोहोंच्या मध्यें उभा असतो. आमचे चार महिने या विचारांतच गेले. विचार होता असें म्हणण्यापेक्षां तो भित्रेपणा होता असें म्हणणें अधिक खरें होईल.

अखेर फाल्गुनांतल्या एका गुरुवारीं परत येतांना आम्हीं नानांना मागें ठेवून घेतलें आणि म्हटलें, "नाना, तुमचा उजवा हात आम्हांस अलीकडे थोडा मंद वाटतो. एकदां डॉक्टरांना दाखवूं या काय?" रोगाचें नांव आम्हीं काढलें नाहीं, तें काढण्याचा आम्हांस अधिकारहि नव्हता. नाना थांबले. थोड्या वेळानें म्हणाले, "तुम्हांलाहि दिसलें तर!" मग त्यांनीं सांगितलें तें ऐकून आम्हांस आमच्या चार महिन्यांची लाज वाटली. सदऱ्याचीं बटनें लावावयास त्यांना इतका वेळ लागे कीं, कोणी पाहूं नये म्हणून ते पहाटे सर्वांच्या आधीं उठून कपडे करीत. घरांत मुलगा, सून, दोन नातवंडें, धाकटा भाऊ व भावजय. पण ही गोष्ट त्यांनीं माईंनासुद्धां सांगितली नव्हती. "घरांत बोललों कीं घर हालेल," ते म्हणाले. "म्हणून मी एकटाच हालत बसलों."

घरांत सांगावें यासाठीं आम्हीं त्यांना दुसऱ्या दिवशीं गळ घातली. सांगितलें तेव्हां माईंचे डोळे भरून आले, पण त्या म्हणाल्या तें निराळेंच: "मला वाटे, तुम्ही माझ्यावर रागावला आहांत. वर्ष झालें, चेहऱ्यावर हंसूं म्हणून नाहीं." या रोगाच्या लक्षणांत चेहरा हलेनासा होणें हेंहि एक आहे. माणूस आंतून पूर्वींइतकाच प्रेमळ असतो, पण त्याच्या मुद्रेवर तें उमटत नाहीं. आणि घरचीं माणसें मात्र मनांतल्या मनांत हिशेब मांडीत बसतात.

नानांनीं भाकीत केल्याप्रमाणें घर हाललेंच. मुलगा रजा काढण्याच्या गोष्टी बोलूं लागला. सूनबाईंनीं मोबाइलवर रात्रभर वाचून काढलें आणि सकाळीं त्यांचा चेहरा सासऱ्यांच्या चेहऱ्यापेक्षां चिंताक्रांत दिसूं लागला. आजोबांच्या खोलीपाशीं खेळावयाचें नाहीं अशी मुलांना ताकीद मिळाली. विहिणीनें पत्रिका मागविली. एका स्नेह्यांनीं खाजकुइलीच्या चूर्णाची पुडी आणून दिली. रोगाचा निर्णय होण्यापूर्वींच घराचें रुग्णालय झालें. मन चिंती तें वैरी न चिंती म्हणतात. येथें तर सबंध कुटुंबाचें मन एकत्र चिंतीत होतें.

त्या खाजकुइलीविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण ती केवळ गांवठी समजूत नव्हे. आपल्या वैद्यकांत कंपवातावर ती सांगितलेली आहे, आणि १९३७ सालीं दामोदरन् व रामस्वामी या भारतीय संशोधकांनीं तिच्या बियांतून लेव्होडोपा हें द्रव्य वेगळें काढल्याचें प्रसिद्ध केलें. पुढें १९५७ सालीं स्वीडनचे आर्विड कार्लसन व त्यांचे सहकारी यांनीं, सर्पगंधेपासून मिळणाऱ्या रेसर्पिनानें निश्चल झालेल्या प्राण्यांना हेंच द्रव्य देऊन पुन्हां हालतें करून दाखविलें. मेंदूच्या तळाशीं कृष्णद्रव्य म्हणून एक लहानसा भाग आहे. तेथील पेशी डोपामिन तयार करतात, त्या झिजत गेल्या कीं हालचाल मंदावते, आणि लेव्होडोपा ती उणीव भरून काढतें. कार्लसन यांना २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आजहि या रोगावरील मुख्य औषध हेंच आहे. परंतु गोळींत त्याचें प्रमाण मोजलेलें असतें. पुडींत तें किती हें पुडी देणारा सांगूं शकत नाहीं. शिवाय निदान होण्यापूर्वींच तें पोटांत गेलें तर लक्षणें झांकलीं जाऊन डॉक्टरांचाच घोटाळा व्हावयाचा. आम्हीं ती पुडी माईंच्या हवालीं करून ती फडताळांत ठेवण्यास सांगितलें.

चैत्रांत मज्जातंतूंच्या डॉक्टरबाईंची वेळ मिळाली. मुलास त्या दिवशीं निघणें अशक्य झालें, तेव्हां नाना, माई व आम्ही असे तिघे गेलों. आदल्या दिवशीं आम्हीं दोनच गोष्टी केल्या होत्या. नानांनीं काय काय विचारावयाचें तें त्यांच्या तोंडून ऐकून मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवून घेतलें. आणि घरांत ते घेत असलेल्या सर्व गोळ्यांचीं पाकिटें एका पिशवींत भरून घेण्यास माईंना सांगितलें. दुसरी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण त्या दिवशीं तिनेंच सर्व फिरविलें.

अशा रोगाचें निदान रक्ताच्या एखाद्या तपासणीनें होत असेल अशी आमची कल्पना होती. तसें नाहीं. मेंदूचें चित्र बहुधा दुसरें कांहीं नाहीं ना, हें पाहण्यासाठीं काढतात. मुख्य भिस्त डॉक्टरांच्या डोळ्यांवरच असते. डॉक्टरबाईंनीं नानांना बोटें एकमेकांवर भराभर आपटावयास लाविलीं, मनगट धरून हात हालवून पाहिला, लांब ओसरींत चालावयास सांगितलें, मागें उभें राहून खांदे ओढून तोल पाहिला, आणि एक वाक्य लिहावयास दिलें. "वास येतो ना नीट?" असेंहि विचारिलें. नाना कांहीं बोलले नाहींत, माईच म्हणाल्या, "परवां दूध करपून घरभर वास सुटला, तरी हे शेजारींच वाचीत बसले होते." मग डॉक्टरबाईंनीं पिशवी टेबलावर ओतली व त्यांतील एक पाकीट वेगळें काढलें. "ही गोळी किती दिवस घेतां?"

ती चकरेवरची गोळी होती. मे २०२३ मध्यें नानांना चक्कर आली, तेव्हां ती थोड्या दिवसांसाठीं मिळाली होती. बरें वाटलें, म्हणून पुढें दोन वर्षें ते स्वतःच दुकानांतून ती आणीत राहिले. डॉक्टरबाईंनीं समजावून सांगितलें कीं, सिनारिझिन, फ्लुनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन अशीं चक्कर-मळमळीवरचीं कांहीं औषधें दीर्घकाळ घेतल्यास मेंदूंतील डोपामिनाचें काम अडवितात, आणि मग हुबेहूब कंपवातासारखींच लक्षणें दिसूं लागतात. औषध थांबविल्यावर कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत तीं बहुधा ओसरतात. कांहीं जणांत मात्र मूळ रोग आंत दबा धरून असतो व औषध त्याला नुसतें उघडें पाडतें. उजवी बाजू अधिक मंद आहे, वासहि गेला आहे, यामुळें आज कोणताच निर्णय देतां येत नाहीं. गोळी बंद करावी आणि तीन महिन्यांनीं पुन्हां यावें. वाचकांस येथें एवढेंच सांगणें आहे कीं, असें कोणतेंहि औषध आपल्या मनानें चालू ठेवूं नये, तसेंच हें वाचून आपल्या मनानें एकाएकीं बंदहि करूं नये. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जावें.

त्या दिवशीं परततांना नाना रिक्षांत गुणगुणत होते. "एक गोळी! सारी करामत एका गोळीची!" असें ते दोनदां म्हणाले. घरीं माईंनीं शिरा केला. नातवंडांवरील ताकीद उठली. आम्हांसहि आनंद झाला, आणि त्या आनंदांतच रात्रीं अंथरुणावर पडलों असतां इतिवृत्ताची वही आठवली.

वही आमच्याच कपाटांत होती. दिवा लावून आम्हीं जुनीं पानें काढलीं. २०२१ सालीं नानांच्या एका ओळींत आठ शब्द बसत. २०२४ च्या अखेरीस सोळा. हें तर ठाऊकच होतें. प्रश्न होता तो मे २०२३ च्या आधींचा. डिसेंबर २०२२ चीं पानें उघडलीं. ओळीस अकरा शब्द. पुन्हां मोजले, अकराच. गोळी पोटांत जाण्यापूर्वीं पांच महिने अक्षर आकसूं लागलें होतें.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. ही वही डॉक्टरांच्या उपयोगाची आहे हें उघड होतें. पण ज्या माणसाच्या घरीं कितीक दिवसांनीं शिरा झाला, त्याच्यापुढें ती नेऊन ठेवावयाची कशी? मुलास आधीं सांगावें असें वाटलें. डॉक्टरबाईंना परस्पर कळवावें असेंहि वाटलें. दोन्ही वाटा सोप्या होत्या, आणि दोन्हींत नानांना वगळलेलें होतें. दुखणाइताच्या पाठीमागें त्याच्या दुखण्याची चर्चा करणें ही आपल्या घरांतून दयेची रीत समजली जाते. "त्यांना नका सांगूं," हें वाक्य आपण किती प्रेमानें उच्चारतों! पण त्या वहीतील प्रत्येक अक्षर नानांचें होतें. तें वाचण्याचा पहिला हक्कहि त्यांचाच होता.

आठ दिवसांनीं आम्ही वही घेऊन गेलों. कसलीहि प्रस्तावना न करतां म्हटलें, "नाना, ही चाळून पाहा. २०२२ चीं पानेंहि पाहा. काय करावयाचें तें तुम्हीच ठरवा." त्यांनीं बराच वेळ पानें उलटलीं. बोलले नाहींत. आमच्या तोंडीं धीराचीं चार वाक्यें आलीं होतीं, तीं आम्हीं गिळलीं. त्या दिवशीं आमच्या हातून झालेलें सर्वांत शहाणपणाचें काम तेंच असावें. मग नाना म्हणाले, "वही चार दिवस राहूं द्या माझ्याकडे."

चार दिवसांनीं त्यांनीं आम्हांस बोलावून घेतलें. गणिताच्या त्या जुन्या शिक्षकानें प्रत्येक महिन्यांतील एका सभेच्या दहा ओळी घेऊन, ओळीस सरासरी शब्द किती, याचा आलेख काढला होता. आडव्या रेघेवर महिने, उभ्या रेघेवर शब्द. मे २०२३ च्या जागीं तांबड्या शाईनें खूण. रेघ त्या खुणेच्या आधींच चढूं लागली होती. खुणेनंतर मात्र तिचा चढ अधिक तीव्र झाला होता. "दोन्ही गोष्टी खऱ्या दिसतात," नाना म्हणाले. "गोळीनेंहि केलें आहे, आणि गोळीच्या आधींहि कांहीं होतें. पण एवढ्यावरून सिद्धता होत नाहीं. पुढच्या भेटीस हें घेऊन चला." त्यांचा आवाज थोडा घोगरा होता. पण आलेख काढतांना त्यांना कांहीं तरी परत मिळालें होतें, हें आम्हीं पाहिलें. तोंवर ते केवळ तपासले जाणारे होते. आतां तपासणारांत त्यांचीहि जागा झाली.

आषाढांत दुसरी भेट झाली. डॉक्टरबाईंनीं तो आलेख लक्षपूर्वक पाहिला व त्याची एक प्रत मागून घेतली. हाताचा कंप कमी झाला होता. उजव्या बाजूचा मंदपणा मात्र होता तसाच होता. त्या म्हणाल्या कीं, औषधाचा अंमल पूर्णपणें उतरण्यास सहा महिने, क्वचित् त्याहूनहि अधिक लागतात. आणखी तीन महिने वाट पाहूं. तोंवर रोज चालावें, व्यायाम चुकवूं नये. मग जरूर पडल्यास लेव्होडोपा देऊन पाहूं. त्यानें ठळक सुधारणा होणें हाहि निदानाचाच एक भाग असतो. "आणि तें दुखणें निघालें तरी," त्या म्हणाल्या, "तें सावकाश चालणारें आहे. तुम्हांला त्याच्याबरोबर पुष्कळ वर्षें चालावयाचें आहे." नानांनीं मान डोलावली. तें आश्वासन मोठें नव्हतें, म्हणूनच त्यांना खरें वाटलें असावें.

या दुखण्याच्या माणसांसाठीं व त्यांच्या कुटुंबियांसाठीं पुण्यांत पार्किन्सन्स मित्रमंडळ काम करतें. तेथें रुग्णाला 'शुभार्थी' व त्याला सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात, हें ऐकून आम्हांस फार बरें वाटलें. आम्हीं नानांपुढें तेथें जाण्याची गोष्ट काढली. ते म्हणाले, "अजून नांव ठरलें नाहीं. कोणत्या नात्यानें जाऊं?" त्यांचें म्हणणें आम्हांस पटलें. ज्यांचें कांहींच ठरलेलें नाहीं, त्यांचें मंडळ कोणतें? तें त्यांच्या ओळखीच्या माणसांनींच व्हावयाचें असतें.

आमच्या गुरुवारच्या मंडळास हें काम लगेच साधलें असें मात्र नाहीं. श्रावणांतल्या एका सभेंत कोणी सद्हेतूनेंच सुचविलें कीं, नानांना आतां लिहिण्याचे श्रम नकोत; वही दुसऱ्या कोणाकडे द्यावी. दोघांनीं माना हालविल्या. नाना समोरच बसले होते, आणि त्यांच्याविषयीं चाललेलें बोलणें जणूं शेजारच्या खोलींतल्या माणसाविषयीं चाललें होतें. आम्हीं म्हटलें, "नानांना विचारूं या." नाना सावकाश बोलले, मध्यें शब्द अडला तेव्हां एक गृहस्थ तो पुरवावयास निघाले, त्यांना आम्हीं खुणेनें थांबविलें. नाना म्हणाले, "वही काढून घेऊं नका. मला रुंद रेघांची वही आणून द्या. व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनीं सांगितलें आहे कीं, डोळ्यांपुढें रेघ असली म्हणजे हाताला अक्षराचा आकार आठवतो."

पुढच्या गुरुवारीं मंडळाच्या खर्चानें तशी वही आली. पहिलीच्या मुलांस देतात तसल्या दुरेघी वहींत आतां आमचीं इतिवृत्तें लिहिलीं जातात. सभेस अर्धा तास अधिक लागतो. नानांचें लिहून होईपर्यंत कोणी उठत नाहीं. दुसरा चहा होतो. वासाचा प्रश्न सुटलेला नाहीं. माई म्हणतात, परवां मोदकांतल्या वेलदोड्याचाहि त्यांना पत्ता लागला नाहीं. पण बटनांसाठीं पहाटे उठणें बंद झालें आहे. तें काम आतां धाकटी नात शाळेला जाण्यापूर्वीं करते आणि त्याबद्दल आजोबांकडून रोज एक कोडें वसूल करते.

तिसरी भेट आश्विनांत आहे. प्रश्नांचा कागद तयार झाला आहे. या खेपेस तो नानांनींच लिहिला आहे. काल सहीसाठीं वही आमच्याकडे आली, तेव्हां संवयीनें आम्ही शब्द मोजूं लागलों, आणि तिसऱ्या ओळीशीं थांबलों. तें काम नानांचें आहे. आम्हीं मजकूर वाचला, त्यांत आमच्या भाषणांतील एक चूक त्यांनीं नेमकी टिपली होती, आणि खालीं सही केली.